दाराला निंबाचा डहाळा

आजारपणात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, असं मला कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगते. भेटायला येणाऱ्यांचा. सुईचा नाही, केस गेल्याचा नाही, छाती एका बाजूनं सपाट झाली त्याचाही नाही. त्या सगळ्याला मी तयार होते, निदान तसं दाखवत तरी होते. पण केमो घेऊन आल्यावर, तोंडातली थुंकीसुद्धा गिळवत नसताना, समोर खुर्चीत बसून आपल्या मेलेल्या नणंदेची गोष्ट सांगणाऱ्या बाईला चहा विचारायचा, याची तयारी माझी नव्हती.

माझी मुलगी निकिता म्हणाली, "मम्मी, लिख डाल ना. कोणाच्या तरी कामी येईल." म्हणून लिहिते आहे. फार वेळ बसलं की हात आणि काख ओढते, त्यामुळे तुकड्यातुकड्यानं लिहिते. औषधांची नावं विचारू नका. ती मला तेव्हाही पाठ नव्हती.

ब्लाउज

आमचं घर फोपनारला, मध्यप्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ. केळीची शेती आहे, ती निकिताचे पप्पा बघतात. मी गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. दुसऱ्यांच्या मापाला मी पक्की, स्वतःचं माप मात्र कधी घेतलं नाही. जुना कागद ठेवायचा, त्यावरून कापायचं आणि शिवायचं. इच्छापूरला देवीच्या दर्शनाला जायचं म्हणून एक नवा ब्लाउज शिवला, तर तो एका बाजूला ओढायला लागला. मला वाटलं छातीची टक चुकली. उसवून परत शिवली, तरी ओढतोच. मग आरशासमोर उभी राहून हात फिरवला तेव्हा चिंचोक्यासारखं काहीतरी कडक लागलं. दुखत नव्हतं. दुखत असतं तर लवकर कळलं असतं, असं मला नंतर कित्येकदा वाटलं.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं बुऱ्हाणपूरला गेलो. डॉक्टर चांगले होते, पण सगळं निकिताच्या पप्पांकडे बघून सांगत होते. कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, मग केमो. हे मान हलवत होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आजार मला आहे. माझ्याकडे बघून सांगा." ते ओशाळले आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. कानात नुसता गरगर आवाज येत होता.

येताना ह्यांनी मोटारसायकल थांबवली आणि मावा जलेबी घेतली. शहरात आलो की घेतो, म्हणून घेतली. काय करावं ते त्यांना सुचतच नव्हतं, हे मला दिसत होतं. घरी कोणी पुडा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तो उकिरड्यावर टाकला.

केमोची खोली

ऑपरेशन इंदूरला झालं. केमो बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात. सकाळी निघायचं, रक्त तपासायचं, खुर्चीत बसायचं, बाटली थेंब थेंब संपेपर्यंत बसून राहायचं. आजूबाजूला आणखी बाया. कोणी खकनारकडची, कोणी शहरातली. पहिल्या खेपेला सगळ्या एकमेकींशी बोलतात, पुढे पुढे कोणी बोलत नाही. सगळ्यांनाच झोप येत असते आणि कोणालाच लागत नाही.

तिथल्या सिस्टरनं मला काही गोष्टी सांगितल्या होत्या आणि काही मी मार खात शिकले. मळमळ सुरू व्हायची वाट बघत बसू नका, गोळी सांगितलेल्या वेळेलाच घ्या. एकदा ओकारी सुरू झाली की मग गोळीही पोटात राहत नाही. स्टीलच्या चमच्यानं खाल्लं की तोंडात खिळा चोखल्यासारखं लागायचं. प्लास्टिकचा चमचा घेतला तर थोडं बरं वाटलं. तोंडात फोड आले तेव्हा मीठ आणि खायचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्यानं गुळण्या करायला सांगितलं होतं, ते पोरकट वाटतं पण करा. गरम जेवणाला वास असतो, गार जेवणाला कमी असतो, म्हणून मी सगळं गार करून खायची. आणि केळी. घरात केळीचे घड पडलेले, जन्मभर मी त्याकडे ढुंकून बघितलं नाही, आणि तेव्हा तेवढीच एक गोष्ट घशाखाली उतरायची. पिकलेलं, कुस्करलेलं, दह्यात घातलेलं.

थकवा कसा असतो ते मला सांगता येणार नाही. कामाचा थकवा झोपून उठलं की जातो. हा झोपून उठल्यावर जास्त असायचा. मशीनवर कपडा पडलेला, कात्री तशीच उघडी, आणि मी पलंगावरून तिच्याकडे बघत पडलेली. कात्री मिटवायला उठावं एवढीही इच्छा व्हायची नाही.

सिस्टरनं एक गोष्ट मात्र दर खेपेला बजावली. "बुखार नापते रहना. सौ पॉइंट चार हुआ तो पहले फोन करना, फिर सीधे आ जाना. घर में गोली खाकर मत बैठना." केमोनं अंगातली ताकद इतकी उतरते की साधा ताप बघता बघता जिवावर उठतो, असं तिनं समजावलं. आणि गर्दीपासून लांब राहा, असंही.

येणारे-जाणारे

आता गर्दीपासून लांब राहायचं म्हणजे फोपनारमध्ये काय करायचं ते तुम्हीच सांगा.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जायचंच असतं. नाही गेलं तर उद्या बोल लागतो. त्यात मी ब्लाउज शिवणारी, म्हणजे गावातल्या निम्म्या बायांची ओळखीची. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, पायथ्याशी बसायचं, सुस्कारा टाकायचा. मग चहा. चहाबरोबर स्वयंपाकघरात काहीतरी तळायचं, नाही तर भाजीला फोडणी पडायची, आणि तो मोहरी-हिंगाचा वास आला की मी मोरीकडे धावायची. ओकून परत आले की ती बाई तिथंच बसलेली असायची.

शेजारच्या शेवंताकाकू तर रोज येत. मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्याजवळ मेलेल्या माणसांचा साठा फार. "आमच्या माहेरी एक होती, तिलेही हेच होतं," अशी सुरुवात करायच्या आणि मी मनात म्हणायची, झालं, गेली ही पण. एकदा मी विचारलंच, "काकू, तुमच्या ओळखीत कोणी वाचलेली नाही का?" त्या विचारात पडल्या. बराच वेळ आठवून म्हणाल्या, "असतीन. पण त्यांचं कोणी सांगत नाई ना वं."

एकजण तर खोकत आली. नाकाला पदर लावून म्हणाली, सर्दी झाली आहे पण म्हटलं आज जाऊनच येऊ. निकिता चिडली, "मम्मी, मना कर दे ना सीधे. डॉक्टरने क्लियर बोला था." तिला काय जातं बोलायला. दारात आलेल्या माणसाला जा म्हणायला जीभ उचलत नाही हो. मला तर नाहीच, आत्याबाईंना त्याहून नाही. सत्तरीच्या बाई, जन्मात कोणाला उंबऱ्यावरून परत धाडलेलं नाही. पण त्या बघत होत्या. मी दिवसेंदिवस वाळत होते आणि त्या चहा करत होत्या.

माता

एका सकाळी उठले तर घर शांत. चहाच्या भांड्याचा आवाज नाही, दारात चपला नाहीत. बाहेर आले तर दाराच्या चौकटीला कडुनिंबाचा मोठा डहाळा बांधलेला.

आमच्या भागातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कांजिण्या, गोवर, अंगावर फोड उठणारा ताप, याला माता आली म्हणतात. देवीच घरात आली, असं धरायचं. मग दाराला निंब बांधायचा. बाहेरचं माणूस आत येत नाही, आणि जिच्यावर माता आली ती उंबरा ओलांडत नाही. घरात फोडणी घालत नाहीत, तळत नाहीत, मातेला झळ लागते म्हणून. गार खायचं, कोणी केस विंचरायचे नाहीत, चप्पल घालून घरात फिरायचं नाही. आणि मातेवर औषध करायचं नाही, तिला तिच्या मर्जीनं जाऊ द्यायचं.

"आत्याबाई, कोणाला आली माता?"

"कोणाले नाई," त्या म्हणाल्या. "मी सांगलं शेवंताले, सुनेच्या तोंडात फोड आले, माता हाये. आता येऊन दाखवा म्हना."

तोंडात फोड होते, तेवढं खरं होतं. बाकी सगळी त्यांची अक्कल. मी हसले. किती दिवसांनी हसले ते आठवत नाही, ओठ फाटला आणि रक्त आलं. आत्याबाईही तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यानंतरचे दिवस माझ्या आजारपणातले सगळ्यात चांगले. कोणी येत नव्हतं. शेवंताकाकू रस्त्यावरूनच हात जोडून पुढे जायच्या. आणि फोडणी बंद. आत्याबाईंचं असं की बांधला म्हणजे बांधला, निंब खोटा असला तरी नियम खरे पाळायचे, माझं केमोला जाणं तेवढं सोडून. बिनफोडणीचं वरण, भात, दही, उकडलेली भाजी. निकिताचे पप्पा दोन घास खाऊन माझ्याकडे केविलवाणं बघायचे. पण मला जेवण जायला लागलं. दुपारी झोप लागायला लागली. मशीनवरची ती उघडी कात्री मी उठून मिटवली.

ताप

पुढचा केमो झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, मला थंडी वाजायला लागली. बाहेर ऊन रणरणतंय आणि मी गोधडीत कुडकुडते आहे. निकिता कॉलेजातून नुकतीच आली होती. तिनं थर्मामीटर लावलं, बघितलं, आणि सरळ दवाखान्याला फोन लावला. दवाखान्यानं सांगितलं, लगेच आणा. तिनं पप्पांना फोन केला. ते शेतात होते, केळीची गाडी भरून राहिले होते. गावातली जीप घेऊनच येतो म्हणाले.

मी पलंगावरून पाय खाली सोडले तर आत्याबाई दारात उभ्या. वर निंब, खाली त्या.

"कुठी चालल्या?"

"दवाखान्यात. ताप आला आहे."

"माता घरात असतांना उंबरा ओलांडत नाईत."

मला वाटलं त्या विसरल्या. "आत्याबाई, माता नाही आली. तुम्हीच नाही का डहाळा बांधला?"

"मीच बांधला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वर डहाळ्याकडे बघितलं. "म्हनून तं आली. देवीच्या नावानं मी खोटं बोलली. मी बोलावलं तिले, ती आली. आता तिच्यावर सुई टोचली तं ती तुले सोडीन का?"

निकिता ओरडली, "दादी, ये केमो का बुखार है, समझो ना." त्या हलल्या नाहीत. त्या खरोखर भ्यायल्या होत्या. मलाही भीती वाटत होती, पण मातेची नाही. मला सिस्टरचा आवाज ऐकू येत होता, घर में गोली खाकर मत बैठना. दात एकमेकांवर आपटत होते. मला मरायचं नव्हतं, आणि अशा खुळ्या कारणानं तर मुळीच नाही. पण त्यांना पटवण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. रक्त, पेशी, जंतू, हे सगळं सांगायला लागणारा श्वासच नव्हता. आणि पन्नास वर्षं जे मानलं ते पाच मिनिटांत कोण सोडतं?

मी दाराच्या चौकटीला धरून एवढंच म्हटलं, "आत्याबाई, पाहुणी तुम्ही बोलावली. मग तिची बोळवण पण तुम्हीच करा. पण लवकर करा. गाडी येते आहे आणि मला थांबवत नाही."

मातेची बोळवण ही खरीच रीत आहे. दिवस भरले की गार दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, निंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची, डहाळा सोडून पाटाच्या पाण्यात सोडायचा. दिवस भरायच्या आधी कोणी करत नाही, पण माझ्या दिवसांचा हिशोब काय लागणार होता? आत्याबाई आत गेल्या. सकाळचा भात होता, त्यात दही कालवलं, दारात ठेवलं, डोळे मिटले. काय पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. मग टाचा उंचावून त्यांनी डहाळा सोडला आणि बाजूला झाल्या.

"जाय," म्हणाल्या.

गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. पाट तर घराच्या मागेच आहे, पण आत्याबाई तिकडे गेल्या नाहीत. डहाळा छातीशी धरून घरात गेल्या. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी निकिताच्या मांडीवर डोकं टेकलं.

दवाखान्यात

रक्तातली लढायची ताकद जवळजवळ संपली होती. लगेच सलाईन, लगेच औषध सुरू. डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, वेळेवर आणलं, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या घरातल्या कोणाचा केमो चालू असेल आणि ताप आला तर दाराशी वाद घालायला माझ्याएवढाही वेळ घालवू नका.

मला एकटीला खोली दिली. निकिता आणि तिचे पप्पा आळीपाळीनं बसायचे. ह्यांना काही बोलता येत नाही, म्हणून ते माझे पाय चेपत बसायचे. मी म्हणायची, राहू द्या. ते म्हणायचे, मग मी काय करू? मग चेपू द्यायची.

आत्याबाई एकदाही आल्या नाहीत. आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर बोल लावणारं हे गाव, आणि घरचीच सासू येत नाही. फोन केला की विचारायच्या, "ताप उतरला का?" आणि ठेवून द्यायच्या. मला राग आला. शेवंताकाकूसुद्धा येऊन गेल्या असत्या, असं मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी खाली बघितलं. "आई बाहेर निघून नाही राहिली," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आत्याबाईंना माझी शिसारी आली असेल. आजारानं मन असं कुजकं होतं. आपल्या माणसाबद्दलही वाईटच सुचतं.

परत

ताप उतरला, रक्त सुधारलं, घरी सोडलं. दारात डहाळा नव्हता. मी आत गेले, तर आत्याबाईंच्या खोलीत खाटेच्या उशाशी तोच डहाळा, पानं वाळून चुरा झालेली. आत्याबाई खाटेवर बसलेल्या. केस विंचरलेले नाहीत, जटा झालेल्या. गालफडं बसलेली.

चुलीजवळ गार वरणाचं भांडं होतं. त्यावर फोडणीचा तवंग नव्हता.

मला तेव्हा कळलं. पाटात सोडायच्या ऐवजी डहाळा त्यांनी आपल्या उशाशी घेतला होता. माता माझ्याकडून स्वतःवर घेतली होती. म्हणून त्या उंबरा ओलांडून दवाखान्यात आल्या नव्हत्या. घरात एकट्याच नियम पाळत बसल्या होत्या, मी घरी येईपर्यंत.

"आत्याबाई, हे काय करून बसल्या?"

"तिले कुठीतरी जावं लागत होतं ना," त्या म्हणाल्या. "मले म्हातारीले काय होते? झाला तं झाला ताप."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी खाटेवर त्यांच्याशेजारी बसले. मला माता पटत नव्हती तेव्हाही आणि आजही नाही. पण ह्या बाईला मी दवाखान्यात पडून काय काय म्हटलं होतं.

दहीभात निकितानं कालवला. डहाळ्याची उरलेली पानं पाण्यात उकळली. मोरीत आत्याबाईंना पाटावर बसवून मी त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं, हळूहळू, कारण तांब्या उचलला की माझी काख ओढायची. त्यांच्या केसांतला गुंता सोडवताना माझ्या डोक्यावरचा रुमाल सरकला. माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुयं बरं हाये. विंचरायचं कामच नाई." मी त्यांच्या पाठीत हळूच चापट मारली. मग निकिता डहाळ्याच्या काड्या पाटात सोडून आली.

माझे अजून केमो बाकी होते. पुन्हा पाहुणे यायला लागले. पण आत्याबाईंनी पुन्हा निंब बांधला नाही. दारापुढच्या ओट्यावर खाट टाकून बसायच्या आणि येणाऱ्याला तिथंच सांगायच्या, "सून झोपली हाये. बरी झाली का मंग ये." शेवंताकाकूंनाही तसंच. काकू रुसल्या, चार दिवस बोलल्या नाहीत, मग आपणहून आल्या आणि ओट्यावरच बसायला लागल्या. एवढंच करायचं होतं, आणि ते सुरुवातीला आमच्यातल्या कोणाला जमलं नव्हतं. तुम्हाला जमलं तर पहिल्याच दिवशी करा.

पण त्या बोळवणीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आत्याबाई न्हाऊन, केस मोकळे सोडून, चुलीसमोर बसल्या. वरण शिजलेलं होतं. बोळवण झाली की घरात पहिली फोडणी पडते. पळीत तेल तापलं. त्यांनी मोहरी हातात घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बाहेर बस. तुले वास येईन."

"घाला," मी म्हटलं.

मोहरी तडतडली, हिंगाचा वास आला. मला मळमळलं. पोटातून वर आलं, डोळ्यांना पाणी आलं. मी भिंतीला टेकून तोंडावर रुमाल धरला, आणि तिथंच बसून राहिले.